टाकीत न टाकलेली नीळ

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत मला दुरुस्तीतलं कळतं, असा समज आहे. कुणाची तोटी गळायला लागली, दाराची कडी बसेना, संडासातली टाकी वाहतच राहिली, की प्लंबरच्या आधी मला हाक येते. मीही जातो. विम्याच्या कचेरीत दिवसभर बसून काही दुरुस्त झाल्यासारखं वाटत नाही. तोटीचं तसं नसतं. वायसर बदलला की ती गळायची थांबते आणि माणसं तोंडावर "वा" म्हणतात.

हे सगळं मला शिकवलं शेजारच्या काकांनी, आणि त्या काकांनी गेली कित्येक वर्षं साधा पेचकस हातात धरला नव्हता. घरातला बल्ब गेला तरी ते खुर्चीत बसून राहायचे आणि काकू भिंतीपलीकडून मला आवाज द्यायच्या. काकांचा हात थांबला तो माझ्यामुळं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. मी मुळात कमी बोलतो, त्यामुळं न सांगणं मला सोपं गेलं. आता सांगतो, कारण आता ते भिंतीवरच आलेलं आहे.

आमची घरं एकाला एक चिकटलेली. माझं स्वयंपाकघर आणि काकांची बैठक यांच्यात एकच भिंत. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात मी त्या भिंतीत मांडणीसाठी खिळा ठोकत होतो. खिळा वाकला, दुसरा घेतला, तोही वाकला, मग प्लास्टरचा पोपडाच खाली आला. तेवढ्यात दारात पांढऱ्या बनियनमधले एक गृहस्थ उभे.

"भाऊ, खिळा ठोकताय का भिंतीचा बदला घेताय?"

हेच काका. कन्नडच्या तहसील कचेरीत त्यांनी सगळी नोकरी केलेली. निवृत्त झाल्यावर इथं घर बांधलं, तेही निम्मं आपल्या हातानं. त्यांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि आधी भिंतीखाली बघितलं.

"खाली तोटी कुठंय ते बघायचं. तोटीच्या सरळ वर पाइप असतो. बटणाच्या सरळ वर वायर असती. त्या रेषेत खिळा मारायचाच नाय. अन् मारायच्या आधी चिकटपट्टीची फुली मारायची भिंतीवर. मग पोपडा येत नाय."

पुढं असंच सुरू झालं. तोटी खोलायच्या आधी वरचा वॉल बंद करायचा, हे कुणीही सांगेल. काका त्यापुढचं सांगायचे. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू खाली गेला की तुमची दुपार गेली. प्लास्टर पोकळ आहे का हे कळायला नाण्यानं टकटक करा, पोकळ जागा रिकाम्या डब्यासारखी बोलते. ओल्या भिंतीला रंग लावणं म्हणजे तापलेल्या माणसाला पावडर लावणं. ओल आली की आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि तोवर भिंतीला हात लावू नका.

आणि पाणी कुठून येतंय हे शोधायची त्यांची रीत होती नीळ. कपड्यांना घालायची, बाटलीतली. संशय असेल त्या पाण्यात ती ओतायची आणि वाट बघायची. गल्लीच्या टोकाच्या घरात न्हाणीघराखाली ओल आली होती, तेव्हा काकांनी न्हाणीच्या मोरीत निळं पाणी तुंबवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात निळा थेंब. "बघा," काका म्हणाले, "पाण्याला बोलता येत नाय, म्हणून त्याला रंग द्यायचा."

काकांच्या घरात सगळ्यात बघण्यासारखी त्यांची गच्ची होती. शहागंजाकडच्या दुकानांतून फुटक्या फरश्यांचे तुकडे आणून आणून त्यांनी ती स्वतः बसवली होती. पिवळा, हिरवा, गुलाबी, कुणाच्या तरी न्हाणीघरातलं कमळ, कुणाच्या तरी देवघरातला अर्धा ओम. पाणी उताराला लागून सरळ पन्हळीकडं जायचं, कुठं थेंब थांबायचा नाही. काकू उन्हाळ्यात तिच्यावर कुरडया घालायच्या आणि म्हणायच्या, "हे सगळं घर राहू द्या, मला ही गच्ची पुरे." काका हे ऐकत असले की उगाच पन्हळ साफ करायला लागायचे.

आता माझ्या कर्तबगारीकडं येतो.

इथला उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, आणि कूलर म्हणजे बादल्या. एका वर्षी मी ठरवलं की कूलरला थेट तोटी द्यायची. माझ्या गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघरात येणारा पाइप त्या सामाईक भिंतीतूनच उतरत होता. भिंत फोडून त्या पाइपला तीन तोंडांचा टी बसवायचा, टीला आट्यांचा एक तुकडा जोडायचा आणि त्याला बाहेर तोटी लावायची. काका चार दिवस कन्नडला लग्नाला गेले होते. ते येईपर्यंत करून दाखवू, असं माझ्या डोक्यात.

मी डावखुरा आहे. एरवी याचा कुणाला त्रास नाही. पण आट्यांवर पांढरी टेप गुंडाळताना फरक पडतो. आटे तोंडासमोर धरून टेप घड्याळाच्या काट्यांसारखी गुंडाळायची असते, म्हणजे जोड फिरवून आवळताना ती आणखी घट्ट बसते. उलटी गुंडाळली तर आवळता आवळता सुटत जाते. काकांनी हे मला दोनदा सांगितलं होतं. पण डावा हात आपल्या सवयीनं चालला. पाणी सोडलं, थेंब दिसला नाही. मी आनंदानं भिंत बुजवली, वरून सिमेंट थापलं आणि त्यावर चकचकीत टाइल्स लावून टाकल्या.

बायको तर आठवडाभर तोटी सोडून-बंद करून बघत होती. "अहो, आता बादली नको की काय नको! माहेरी सांगते." काका आले, त्यांनीही तोटी फिरवून बघितली, टाइल्सवर हात फिरवला, म्हणाले, "झकास. टेप सरळ घातली ना?"

"घातली की," मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर काकांच्या बैठकीच्या भिंतीवर ओल दिसली. आधी तळहाताएवढी. काकूंनी तिच्यावर कॅलेंडर लावलं. मग ओल कॅलेंडरच्या खाली उतरली, तर काकूंनी कॅलेंडर खाली घेतलं. शेवटी कॅलेंडर एवढं खाली आलं की खाली बसलेल्या माणसालाच तारीख दिसायची. पाहुणे यायचे, भिंतीकडं बघायचे आणि विचारायचे, "वरून येतंय का?"

वर काय होतं? काकांची गच्ची.

"मी तेव्हाच म्हणलं होतं," काकू सुरू व्हायच्या, "ठेकेदाराकडून करून घ्या. पण नाय. ह्यांना हौस. लोकांच्या न्हाणीतल्या फुटक्या फरश्या आणून डोक्यावर ठेवल्या. घ्या आता."

"अगं, गच्चीतून नाय येत."

"मग काय माझ्या डोळ्यांतून येतंय?"

काकांनी गच्चीवर पाणी तुंबवलं. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतात, गच्चीवर ओतायला पाणी कुणाकडं असतं? त्यांनी कपडे धुतलेलं पाणी साठवून साठवून वर नेलं, त्यात नीळ टाकली आणि बघत बसले. भिंतीवर निळं काही आलं नाही. काकूंना ते पटलं नाही. "नीळ जिरली असेल," त्या म्हणाल्या.

मग एका आठवड्यात कुठं तरी मोठी पाइपलाइन फुटली आणि नळ लांबले. सगळ्यांच्या टाक्या कोरड्या पडल्या. त्या दिवसांत काकांच्या लक्षात आलं की भिंत सुकत चाललीय. नळ आले आणि भिंत पुन्हा ओली.

ते माझ्याकडं आले. आवाज खाली, जणू माझ्या घरात कुणी आजारी आहे.

"भाऊ, राग मानू नका. पण टाकीत पाणी नसलं की माझी भिंत वाळती. पाऊस तर केव्हाच गेला, अन् त्या भिंतीत माझा पाइप नाय. एकदा तुमच्या टाकीत नीळ टाकून बघता का?"

"बघतो की," मी म्हणालो.

नळ त्याच दिवशी आले होते, टाकी काठोकाठ भरलेली. आणि बायकोच्या माहेरचे सगळे दुसऱ्या दिवशी येणार होते. आठवड्याचं पाणी निळं करायचं, त्या पाण्यात पाहुण्यांची भांडी घासायची, आणि निळं पाणी बघून सासरे विचारणार, जावईबापू हे काय? मी म्हटलं, पुढच्या नळाला टाकू. पुढच्या नळाला पुन्हा काहीतरी निघालं. इथं भरलेली टाकी खराब करायला कुणाचाही हात लवकर उठत नाही, हे खरं. पण त्याआड लपून मी वेळ काढत होतो, हेही खरं. निळं पाणी काय दाखवील याची मला थोडी शंका आली होती.

एक दिवस काका रस्त्यात भेटले. मी स्कूटरवर, ते भाजीची पिशवी घेऊन.

"टाकली का हो नीळ?"

"टाकली की. काय नाय दिसलं."

सिग्नल सुटल्यासारखा मी पुढं निघालो. मागून काकांचा आवाज आला, "बरं झालं बघा, शंका फिटली." घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. "भाऊंनी टाकून बघितली. ते कशाला खोटं बोलतील? गच्चीच असेल मग."

काकूंच्या भावानं एक ठेकेदार आणला. त्यानं वर जाऊन गच्चीवर टाच आपटली आणि जाहीर केलं, "काका, ये सब टाइल का कचरा निकालना पडेगा. नीचे से पूरा पानी पिया हुवा है." काकांनी एकदा सांगून बघितलं की गच्ची कोरडी आहे. ठेकेदार हसला. काकू हसल्या नाहीत, पण काही बोलल्याही नाहीत, आणि काकांना ते जास्त लागलं असावं.

गच्ची फोडायला सुरुवात झाली त्या दिवशी बायको माहेरी गेली होती. मी घरात एकटा. वरून हातोड्याचे दणके. मला बसवेना. मी कूलरच्या तोटीमागची स्टीलची वाटी खोलली आणि भोकात बोट घातलं. बोट ओलं. आतलं सिमेंट चिखलासारखं. माझ्या बाजूला टाइल्स आणि घट्ट सिमेंट, म्हणून पाण्यानं सोपी वाट धरली होती, पलीकडची.

त्या वेळी मला फक्त शेजारच्या दारात जाऊन "थांबवा" म्हणायचं होतं. निम्मी गच्ची तरी वाचली असती. अर्धा ओम, कमळ, कुरडया. मी चपला घातल्या, दारापर्यंत गेलो. वर ठेकेदार, त्याची माणसं, काकूंचा भाऊ, सगळे जमलेले. त्यांच्यासमोर "माझा पाइप गळतोय, मी नीळ टाकलीच नव्हती" म्हणायचं होतं. मी चपला काढल्या.

आणि मी काय केलं? पाना काढला. माझ्या गच्चीवर टाकीआड बसून जुन्या पाइपला डमीचं बूच मारलं, तो खालूनही बंद केला, आणि टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत नवा पाइप भिंतीच्या बाहेरून टाकला. शेजारी हातोडे चालले होते, म्हणून माझी छन्नी कुणाला ऐकू आली नाही. आयुष्यात एवढं नेटकं काम मी पुन्हा केलेलं नाही. टेपसुद्धा सरळ गुंडाळली.

ठेकेदारानं गच्चीवर काळी डांबरी शीट चिकटवून दिली. भिंत वाळली. वाळणारच. ठेकेदार कॉलर ताठ करून गेला आणि काकूंनी कॅलेंडर पुन्हा वर नेलं.

थोड्या दिवसांनी काका त्यांचा मोठा पाइप-पाना घेऊन आले. फडक्यात गुंडाळलेला, तेल लावलेला.

"हा तुमच्याकडं राहू द्या."

"कशाला काका, लागेल की तुम्हाला."

"नाय लागत आता. माझ्या हाताला भरवसा राहिला नाय. गच्चीसारखी गच्ची चुकली, तर बाकीचं काय." आणि हसले. "तुमचा हात बसलाय. टाकी, पाइप, सगळं चोख."

मी पाना घेतला. दुसरं काय करणार होतो, असं मी स्वतःला कैक वर्षं सांगत आलो. खरं तर पुष्कळ काही करता आलं असतं.

आमच्या कूलरची तोटी तेव्हापासून नुसती शोभेला. बायकोला सांगितलं, जाम झालीय. "मग काढा की!" "काढली तर टाइल फुटेल." एवढ्यावर तिनं ऐकलं, आणि आम्ही पुन्हा बादल्यांवर आलो. दर उन्हाळ्यात ती चकचकीत तोटीशेजारी उभी राहून कूलरमध्ये बादली ओतायची आणि म्हणायची, "ह्यांनी बसवलेली."

पलीकडं काकांचं घर हळूहळू दुसऱ्यांच्या हातात गेलं. काकूंचं बोलणं ठरलेलं. "ह्यांना नका सांगू, भाऊंना बोलवा." शीटला उन्हात वास यायचा, म्हणून कुरडया आमच्या गच्चीवर यायला लागल्या. काका कधीच वर गेले नाहीत. मी त्यांच्या घरी काही दुरुस्त करायला गेलो की ते पेपर वाचायचे, किंवा वाचायचा बहाणा करायचे. मी पाना फिरवत असताना पेपरचं पान उलटत नसे, हे मला दिसायचं.

मागच्या हिवाळ्यात काकूंच्या स्वयंपाकघरातली तोटी बदलायची होती. वॉल बंद केला, जुनी काढली, नवीच्या आट्यांवर टेप गुंडाळायला लागलो. काका शेजारी खुर्चीत. पेपर गुडघ्यावर.

"उलटी," ते म्हणाले.

माझा हात थांबला.

"उलटी गुंडाळताय, भाऊ. डाव्या हाताचं तुमच्या असंच होतं." मग त्यांनी पेपर वर उचलला. "जाऊ द्या. मी कशाला सांगतोय. माझी गच्ची बघा अन् मग मला विचारा."

आत काकू भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज चालू होता. मी तोटी ओट्यावर ठेवली.

"काका, त्या वेळी मी नीळ टाकली नव्हती."

"कुठल्या वेळी?"

"तुमच्या भिंतीच्या वेळी. रस्त्यात म्हणालो होतो टाकली म्हणून. नव्हती टाकली."

भाकरीचा आवाज थांबला.

"अन् गळत होता?"

"व्हय." कचेरीत मी 'हो' म्हणतो, पण त्या वेळी अजिंठ्याकडचं, आमच्या गावचं 'व्हय'च तोंडातून आलं. "कूलरचा जोड. उलटी टेप."

"कधी कळलं?"

"गच्ची फोडत होते त्या दिवशी."

"मग सांगितलं का नाय?"

"पाइप बदलत होतो. तुमच्याकडचा हातोडा चालू होता, म्हणून माझा आवाज आला नाय."

काका ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेपरची नीट घडी केली.

"तो पाइप अजून भिंतीत हाय?"

"आहे. दोन्हीकडून बंद केलेला."

"खोला. टाका नीळ."

"काका, मी सांगतोय ना, माझाच पाइप होता."

"तुमच्या सांगण्यावर एकदा भरवसा ठेवला, भाऊ. आता मला भिंतीवर पाहिजे."

काकू हातातल्या पिठासकट बाहेर आल्या. "काय गरज हाय? दिवाळीलाच रंग दिलाय भिंतीला."

"भिंत माझी हाय."

"अन् रंग कुणाचा? तो मी निवडलाय."

"मग तुला तरी बघायला पाहिजे," काका म्हणाले, आणि काकू हाताचं पीठ झटकत आत गेल्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, आता काकांबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, "म्हणजे तोटी जाम नव्हतीच?"

"नव्हती."

"अन् मी एवढे उन्हाळे बादल्या उचलल्या." नंतर बऱ्याच वेळानं, डाळ निवडता निवडता म्हणाली, "काकूंपाशी किती बोलले मी त्या गच्चीवरून. त्यांच्या बाजूनंच बोलत होते मी. काकांना काय वाटलं असेल."

नळ आले त्या सकाळी काका माझ्या गच्चीवर आले. जिना चढताना दोनदा थांबले. मी म्हटलं, "काका, सगळी टाकी कशाला, नुसत्या जुन्या पाइपात नरसाळ्यानं निळं पाणी ओतू. काम तेवढंच होईल."

"तेव्हा काय म्हणलो होतो? टाकीत टाका म्हणलो होतो. टाकीतच टाकायची."

बायकोनं पिण्याचं पाणी आधीच घागरींत भरून ठेवलं. मी डमी काढला, जुना पाइप टाकीला जोडला. काकांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि नीळ स्वतः ओतली, हळूहळू, कडेकडेनं. टाकीचं पाणी आकाशासारखं झालं. आठवडाभर आमच्या घरात निळे पाय, निळे टॉवेल आणि माझा एक फिकट निळा झालेला पांढरा सदरा, जो मी कचेरीत घालून गेलो आणि लोकांनी छान दिसतोय म्हणून सांगितलं.

पहिला दिवस भिंतीवर काहीच नाही. मी चार वेळा काहीतरी निमित्त काढून शेजारी गेलो. दुसरी दुपार, काहीच नाही. आमच्याकडचं पाणी क्षाराचं. इतक्या वर्षांत जोडात क्षार बसून भोक बुजलं असेल तर? खोटं बोललो तेव्हा काकांनी लगेच विश्वास ठेवला होता, आणि आता खरं बोललो तर भिंत मला खोटं ठरवणार. काकू कॅलेंडर बाजूला करून बघायच्या आणि माझ्याकडं बघून पुन्हा लावायच्या. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्यानंतरच्या सकाळी मी दाढी करत होतो आणि पलीकडून काकूंचा आवाज आला. "अगंबाई! अहो! अहो, इकडं या!"

मी अर्ध्या फेसातच गेलो. कॅलेंडरखाली, रंगाच्या आतून, हाताएवढा डाग उमटला होता. निळीत जास्त बुडालेल्या धोतराच्या रंगाचा. कडा अजून पसरत होत्या.

काकूंनी बोट लावलं, बोट निळं झालं. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि हातातच धरून उभ्या राहिल्या.

"मग ती गच्ची?" त्या म्हणाल्या.

"गच्ची कोरडी होती," काका म्हणाले. "मी सांगत होतो."

काकूंनी माझ्याकडं एकदा बघितलं, ते मी विसरणार नाही. मग त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, थांबला. तिथूनच त्या बोलल्या.

"मोरीतली तोटी गळतीये कधीची. भाऊंना सांगू का तुम्ही बघताय?"

काका मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझा पाना आणा."

मी फेसासकट पळत घरी गेलो. पाना माळ्यावर होता, त्यांच्याच फडक्यात, मी कधी वापरला नव्हता.

पाइपची दुरुस्ती त्यांनी माझ्याकडूनच करून घेतली. म्हणजे माझ्या टाइल्स मला फोडायला लावल्या, आणि टेप त्यांच्यासमोर गुंडाळायला लावली. चुकली की "सोडा, परत." बायको शेजारी उभी राहून मोजत होती की काय कुणास ठाऊक, पण तिला मजा येत होती हे नक्की. आता कूलरची तोटी चालते.

उन्हाळ्याच्या आधी काळी शीट निघाली. फुटक्या फरश्यांसाठी दुकानं फिरणं माझ्याकडं आलं. शहागंज, गुलमंडी, जिथं नवीन घरांची कामं चालू असतील तिथं, स्कूटरच्या पुढ्यात पोतं घेऊन. जुन्या गच्चीतला एकही तुकडा राहिलेला नव्हता, म्हणून काकांनी सगळं नव्यानं मांडलं. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघं बसायचो. ते म्हणायचे, "उतार बघा, उतार. पाणी तुमच्याकडं नाय आलं पाहिजे." मग थोडं थांबून, "माझ्याकडं पण नाय." एकदा देवघराच्या फरशीचा तुकडा सापडला, त्यावर ओमचा वरचा चंद्र होता. तो कुठं लावायचा यावर काका-काकूंचं अर्धा तास वाजलं. काकू जिंकल्या.

काकांनी मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारायला सवडच ठेवत नाहीत, रोज काही ना काही काम सांगतात. बैठकीतला निळा डाग मात्र त्यांनी रंगवू दिलेला नाही. काकूंनी एकदा ब्रश काढला, तर म्हणाले, "ओल्या भिंतीला रंग लावायचा नसतो." भिंत कधीच वाळलीय.

पाहुणे येतात, बसतात, चहा येतो, आणि कुणीतरी हमखास वर बघून विचारतं, "हे निळं काय हो भिंतीवर? गच्चीतून आलंय का?"

"नाय, नाय," काका बशीत चहा ओतत सांगतात. "ते शेजारच्यांचं हाय."

बरेचदा मी तिथंच बसलेला असतो. मी मान हलवतो आणि चहा पितो.